वीस चांदण्या

लवू दिवसाला वीस चिरे काढी. एकोणीस नाही, एकवीस नाही. एकोणिसावर पहार टाकणारा कामचुकार, आणि एकविसावा काढणारा घाईत चिऱ्यांचे कोपरे मारतो, असे त्याचे ठाम मत होते. धामापूरकडच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावरच्या जांभ्या दगडाच्या खाणीत त्याने हा नेम कधी मोडला नव्हता.

या एका बाबतीत तो कोणाच्या मागे नव्हता. पण धाकटा भाऊ गणपत सुटीला मुंबईहून आला की लवूच्या पोटात दुखू लागे. गणपत बी.ए.ला होता, विषय मानसशास्त्र. कोणी विचारले, "काय शिकता रे तुझो भाव?" तर लवू सांगे, "माणसाचा मन." लोक हसत. लवूही हसे आणि आतून जळे. कारण खरे म्हणजे शिकायला जायचे होते लवूने.

लवूचे एक वर्ष हिवतापात गेले, म्हणून दोघे चौथीत एकाच वर्गात आले. परीक्षेत लवू पहिला, गणपत तिसरा. बाप एकालाच मालवणच्या हायस्कुलात घालू शकत होता. दुसरा त्याला खाणीत हवा होता. बापाला निवड करवेना. त्याने देवळात कौल लावला. गुरवाने दोन कळ्या ओल्या करून देवाच्या अंगाला चिकटवल्या. उजवी लवूची, डावी गणपतची. आधी पडेल तो शाळेत. डावी पडली. बापाने हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी लवूच्या हातात पहार दिली.

तेव्हापासून लवू एकच गोष्ट चघळत होता. उजवी म्हणजे कोणाची उजवी? गुरव देवासमोर उभा. त्याची उजवी ती देवाची डावी. हे त्या दिवशी कोणी विचारलेच नाही.

एकसष्टच्या मे महिन्यात गणपत आला तो चांदणी छापलेले कागद घेऊन. कॉलेजात प्रयोगाची वही द्यायची होती. इथे मराठीत कच्ची करायची, तिथे जाऊन इंग्रजीत पक्की. चांदणीला आतबाहेर दोन रेघा होत्या. त्यांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे न बघता, समोरच्या आरशात बघून. रेघेला लागली की चूक. असे वीस वेळा. एक माणूस, म्हणजे वहीच्या भाषेत 'प्रयुक्त', शिकलेला, एक न शिकलेला. शिकलेला गणपत स्वतः.

"दादा, तू बस," तो म्हणाला.

लवूची बायको सुभद्रा हिच्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीचा आरसा समोर उभा केला. हात दिसू नये म्हणून वर सूप धरले. लवूने पेन्सिल पुढे ढकलली, ती मागे आली. उजवीकडे वळवली, भलतीकडेच गेली.

"पेन्सिल आसा काय कुर्ली?" सुभद्रा दारातून खेकडा दिसल्यासारखी म्हणाली. "आडवीच धावता!"

पहिल्या चांदणीला तीन मिनिटे लागली, चुका एकेचाळीस. गणपत हसला.

"हसतंस कित्याक? देवाकय त्या कौलाच्या दिसा असाच दिसला असतला," लवू म्हणाला. "आरशातसून."

गणपतला कळले. त्याने घड्याळ धरून दुसरा कागद पुढे सरकवला.

सातव्या चांदणीला लवू पस्तीस सेकंदांवर आला. गणपतने जांभई दिली. "पुरे, दादा. बाकीचे मी अंदाजाने भरतो. सगळी मुले तसेच करतात."

"वीस म्हटलंस मा?"

"म्हटले, पण..."

"मग धर सूप."

विसाव्याला बावीस सेकंद, चूक एकही नाही. मग गणपत बसला. सात चांदण्यांत चाळीस सेकंदांवर आला आणि फणस खायला उठला.

दुसऱ्या दिवशी लवू पेजेसाठी घरी आला तेव्हा वही उघडी पडली होती. चौथीपर्यंत शिकलेले वाचन तो विसरला नव्हता. 'प्रयुक्त पहिला: ल., अशिक्षित मजूर.' खाली गणपतचे सात आकडे आणि पुढे तेरा मनाने रचलेले. 'प्रयुक्त दुसरा: ग., सुशिक्षित.' त्याखाली एकेचाळीस चुकांपासून बावीस सेकंदांपर्यंत सगळे आकडे लवूचे.

त्याने पेजेचा वाडगा खाली ठेवला. "गणपत! ह्ये आकडे कोणाचे रे?"

गणपतचे कान लाल झाले. "दादा, शिकलेला लवकर शिकतो असे पुस्तकात आहे. उलटे आले तर सर म्हणतील प्रयोग चुकला. आकडेच तर आहेत."

"आकडे नाय ते. माझे वीस ते. शाळा घेतलंस, मुंबय घेतलंस. आता ह्येय घेतंस?"

गणपतने खोडरबर उचलले.

"खोड मागीर. आदी बस. तुझे सात झाले, तेरा रवले. घड्याळ माझ्याकडे दी."

त्या दिवशी लवूचे चिरे नवावर राहिले.

एका हाताने सूप धरून, दुसऱ्या तळहातावर घड्याळ घेऊन तो बसला. प्रत्येक चांदणीला गणपतचा हात चुकावा असे त्याला वाटत होते. पेन्सिल रेघेला लागली की गोड वाटे. दहाव्याला चौतीस सेकंद. चौदाव्याला सत्तावीस. गणपत आता जांभया देत नव्हता. कपाळावर घाम आला होता, आणि चौथीत गणित सोडवताना येई तसे जिभेचे टोक बाहेर आले होते. हा असा राबू शकतो हे लवूने कधी पाहिले नव्हते. त्याने तो जास्तच जळला. अठराव्याला तेवीस, एकोणिसाव्यालाही तेवीस. विसाव्याला पेन्सिल चांदणीभोवती फिरून जागेवर आली. एकही चूक नाही. काटा विसावर होता.

"किती?" मान वर न करता गणपतने विचारले.

घड्याळ फक्त लवूला दिसत होते. पंचवीस म्हटले असते तर कोणाला कळणार होते? पण चिरा बोटभर कमी भरला तर गवंड्याच्या आधी तो काढणाऱ्याला ठाऊक असते.

"वीस."

"नक्की?"

"वीस म्हटलंय मा! लिव."

गणपतने सगळे खोडून आकडे जागच्या जागी घातले. लवूचे बावीस, गणपतचे वीस. पुस्तक खरे ठरले, आणि तेही सरळ मार्गाने. लवूला वाटले, यापेक्षा चोरी बरी होती.

"माझो आरसो दिया आता," सुभद्रा म्हणाली. "दोन दिस मी केस नाय इंचरलंय."

"थांब गो." लवूने वहीवर बोट ठेवले. "ह्या 'अशिक्षित' खोड. 'चौथी पास' लिव."

गणपतने खोडले, लिहिले. मग हळूच विचारले, "पहिला नंबर, तेही लिहू?"

"लिव," लवू म्हणाला. "आणि तुझ्या नावाफुडे तिसरो लिव."

गणपतने तोही लिहिला.