फाटक्या कानाचा सांबर

डोंगरातल्या एका राष्ट्रीय उद्यानात आम्ही नवराबायको प्रत्येक ऋतूत जातो. थंडीत तिथे फाटक्या कानाचा एक सांबर माजावर आलेला पाहिला. समोर दुसरा नर नव्हता, आवळ्याचं कोवळं झाड होतं. त्यानं शिंगं खुपसून त्याची साल टराटरा सोलली, फांद्या मोडल्या. मला संतापच आला. झाडानं याचं काय घोडं मारलं होतं? अंगात बळ आलं की ते कुणावर तरी काढावंच लागतं का?

उन्हाळ्यात ती शिंगं झाडाखालीच गळून पडलेली दिसली, साळिंदरानं कुरतडलेली.

पावसाळ्यात तोच सांबर पुन्हा दिसला. नव्या शिंगांवर मऊ लव होती. ती दुखू नयेत म्हणून पानाचाही धक्का चुकवत तो त्या झाडाजवळून गेला.

“किती गरीब आहे हो बिचारा!” बायको म्हणाली.

मी झाडाकडे पाहिलं. जखमेवर आत्ता कुठे साल धरत होती.