कणगी आमची नाही

जुना कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला की बिस्किटाचा चुरा, स्टेपलरच्या पिना, कुणाचा तरी केस, असं काय काय बाहेर पडतं. आमच्या श्रीरामपूरच्या दुकानातले किस्से तसेच साचलेत. परवा कपाट आवरायला घेतलं आणि आवरणं राहिलं बाजूला, मी एकटीच हसत बसले.

दुकान शेळके भाऊंचं. आधी त्यांचा टायपिंग क्लास होता. तो बंद पडायला आला तेव्हा त्यांना 'कणगी' सापडली. कणगी म्हणजे वाचनालयांसाठीचं सॉफ्टवेअर. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत यायचंय, याची नोंद ठेवणारं. पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी ते बनवून सगळ्यांसाठी मोकळं सोडलं होतं. कुणीही घ्या, वापरा, बदला. भाऊ ते गावोगाव बसवायचे, शिकवायचे, अडलं तर धावून जायचे आणि त्या मेहनतीचे पैसे घ्यायचे. दुकानाचं नावच ठेवलं, 'कणगी कॉम्प्युटर्स'. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटायचं, हे सगळं भाऊंनीच लिहिलंय!

०००

राहुरीकडच्या एका वाचनालयाच्या अध्यक्षांनी पहिल्याच भेटीत सॉफ्टवेअरची किंमत विचारली. भाऊ म्हणाले, शून्य. पैसे फक्त आमच्या कामाचे. अध्यक्षांचा चेहरा पडला. खरेदी कसलीही असो, तीन कोटेशन हवीत, असा त्यांच्या समितीचा नियम होता.

मग भाऊंनी ओळखीच्या दोन दुकानदारांना गळ घातली आणि तीन कोटेशन गेली. सॉफ्टवेअर शून्य, शून्य आणि शून्य. पंधरा दिवसांनी फाईल परत आली. तिच्यावर लाल शाईत शेरा होता, "तिन्ही दर समान आहेत. तरी थोडे कमी करून मिळावेत."

०००

नेवाशाजवळच्या एका गावात कणगीनं पहिल्यांदाच थकीत पुस्तकांची यादी काढून दिली. माजी सरपंचांकडे एक पुस्तक अकरा वर्षं होतं. ग्रंथपालांनी यादी सरळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या पायरीवर खताच्या दोन गोण्या. आत पुस्तकंच पुस्तकं! मोजली तर यादीपेक्षा जास्त भरली. निम्म्यांवर शेजारच्या गावाच्या वाचनालयाचा शिक्का होता. भाऊ म्हणाले, ही त्यांना पोचती करा. ग्रंथपाल जागचे हलले नाहीत.

"त्यांच्याकडं बी कणगी बसवा आदी. यादी निघंल तवा दिऊ."

पुढच्याच महिन्यात आम्हाला ते काम मिळालं.

०००

हळूहळू भाऊंचं आडनाव लोक विसरून गेले. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ते 'कणगीभाऊ'. एका शिक्षकाच्या मुलीची लग्नपत्रिका आली, तिच्यावर लिहिलं होतं, 'श्री. व सौ. कणगी, श्रीरामपूर'. भाऊंच्या घरी काकू भडकल्या. त्या लग्नाला गेल्याच नाहीत. भाऊंनी मात्र ती पत्रिका टेबलाच्या काचेखाली ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचे. त्या वर्षांत भाऊंइतका सुखी माणूस मी पाहिला नाही, खरंच सांगते.

०००

आणि मग पुण्याहून पत्र आलं. भाषा अगदी अदबीची. तुम्ही सेवा विका, योग्य वाटेल तो मोबदला घ्या, 'आम्ही कणगीची सेवा देतो' असंही लिहा. पण 'कणगी' हे नाव आणि त्याच्यासोबतचं कणगीचं चित्र हा आमचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे. तेच दुकानाचं नाव असलं तर लोकांना वाटतं, बनवणारे तुम्हीच.

मला तर तोंड लपवावंसं झालं. मलाच तसं वाटलं होतं की!

भाऊंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. सॉफ्टवेअर कुणी काढून घेत नव्हतं, कामही तेच राहणार होतं. जाणार होतं ते फक्त नाव. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाकडे कमावलेलं असतं काय? "ह्या नावासाठी मी अख्खा जिल्हा फिरलो, सुनीता," ते म्हणाले. "हे गेलं तर मला वळखणार कोण?"

नगरच्या एका वकिलांनी धीर दिला. कणगी काय कुणाच्या बापाची आहे का, घरोघरी धान्य साठवायची वस्तू ती, लढू आपण! भाऊ जरा खुलले.

०००

त्याच आठवड्यात शनी शिंगणापूरला काम निघालं. तिथल्या छोट्या वाचनालयाचे सेक्रेटरी पूजेच्या सामानाचं दुकान चालवायचे. भाऊंनी गिऱ्हाइकांसमोरच त्यांना सगळी कर्मकहाणी ऐकवली. आता सेक्रेटरी पुणेकरांना चार शिव्या हासडतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी आधी चहा सांगितला.

"आमच्या घराला दार न्हाई, भाऊ. कुनीबी आत यावं, पानी प्यावं. पन भितीवर सोताचं नाव कुनी लिवत न्हाई."

भाऊ चहा पिऊन उठले. आम्ही गाडीवर परत निघालो. सोनईत गाडी बाजूला घेऊन म्हणाले, "पेंटरला फोन लाव."

०००

पेंटरला तेव्हा बोलायला फुरसत नव्हती. अहमदनगरच्या पाट्या पुसून अहिल्यानगर लिहायचं काम जिकडेतिकडे चाललेलं. आमची पाटी खरवडताना त्यानं भाऊंचा चेहरा पाहिला आणि हात थांबवला.

"भाऊ, अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं, तरी लोक तिकीट नगरचंच मागत्यात. तुमचं काय घिऊन बसलात?"

नवी पाटी झाली, 'शेळके संगणक सेवा'. खाली बारीक अक्षरात, 'येथे कणगीची सेवा मिळते.' त्याच्याही खाली भाऊंनी आपल्या मनानं एक ओळ घालायला लावली, 'कणगी आमची नाही.' पत्रात एवढं मागितलं नव्हतं, असं मी म्हणून पाहिलं. ऐकतील तर ते भाऊ कसले! त्यानंतर महिनाभर लोक दारात येऊन विचारत होते, "भाऊ, काय भांडण झालं का वो?"

०००

पाटीवर भागलं नाही. गावोगावच्या कॉम्प्युटरवर 'कणगी कॉम्प्युटर्स'ची जुनी स्टिकरं होती. ती काढायला भाऊ स्वतः निघाले, ब्लेड आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन. पिशवी धरायला मी.

शेवटचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे अर्धं गाव बाहेर. वाचनालयात ग्रंथपाल शांताबाई एकट्याच होत्या. त्यांना माऊस धरण्यापासून सगळं भाऊंनी शिकवलेलं. भाऊ स्टिकर खरवडत होते आणि त्या बघत होत्या. शेवटचा तुकडा निघाला तशी त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. सभासद क्रमांक एक, कणगीभाऊ.

"शिकवाया आल्ते तवा तुमीच म्हन्ले, पयलं नाव कुनाचंबी टाका. म्या तुमचंच टाकलं. त्ये बी खोडायचं का?"

भाऊ म्हणाले, खोडा.

शांताबाईंनी खोडलं. रिकाम्या चौकटीकडे बघत बसल्या, मग ओशाळून म्हणाल्या, "आता काय लिवू? इतकी वर्सं येताय, पन तुमचं नाव म्या कदी इचारलंच न्हाई."

भाऊंनी ब्लेड कागदात गुंडाळलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग शाळेत नवं नाव घालताना सांगतात तसं त्यांनी पूर्ण नाव सांगितलं.

"दत्तात्रय सखाराम शेळके."

शांताबाई एका बोटानं एकेक अक्षर शोधायला लागल्या. बाहेर आमच्या एसटीचा हॉर्न वाजला. पुढची गाडी संध्याकाळी होती, म्हणून मी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. भाऊ खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले. "त्यांचं अजून 'सखाराम'च चाललंय."