सायबीण यायच्या आदल्या दिवशी

कणकवलीच्या डेपोत पुण्याची गाडी लागली तेव्हा आई सुक्या बांगड्यांची पिशवी माझ्या सीटखाली सरकवत होती आणि मादीन खिडकीतून उलटतपासणी घेत होती. मादीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जिने मला हातांवर धरलं ती; आमच्याच वाडीतली. "आयतारी चर्चात मिसाक जातलंस मां गो? की पुण्यात देवाक सुटी?" गाडीतले लोक हसले. मी बी.एस्सी. झालेली, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली, लॅबमध्ये नोकरी लागलेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी हलली तेव्हा रडू आलं हे खरं, पण सुटल्यासारखंही वाटलं. आता कोणी विचारणार नव्हतं.

विचारणं हा आमच्या वाडीचा रिवाजच. सायबीण, म्हणजे मारियेची मूर्ती, आमच्याकडे घरोघर फिरते. एका संध्याकाळी एका घरी. सगळे मिळून तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणतात, मग चणे वाटतात. पण ती यायच्या आदल्या दिवशी मादीन त्या घराच्या उंबऱ्याशी येऊन एकच विचारते, कोणाशी बोलणं बंद आहे का? असेल तर जाऊन मिटवायचं, मगच मूर्ती घरात. बांधावरून भांडलेल्या माझ्या बापाला धुतलेला शर्ट घालून शेजाऱ्याच्या दारात जाताना मी पाहिलंय. तोंड कडू, पण गेला. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी आमच्या ओटीवर सगळ्यात मोठ्याने गात होता. मला तेव्हा हे नाक खुपसणं वाटायचं.

पुण्यातलं चर्च मोठं. गीतांचे शब्द पडद्यावर, पार्किंगला वॉचमन. मी कित्येक रविवार गेले नाही, कोणाच्या लक्षात आलं नाही. गेले, तेव्हाही आलं नाही.

फ्लॅटमध्ये माझ्यासोबत शीला, वसईची, नर्स, आमच्यासारखीच कॅथलिक. आईने पाठवलेले बांगडे तिने एकदा वास येतो म्हणून कचऱ्यात टाकले. मी तिला नाही नाही ते बोलले. मग बोलणं बंद. दुधाची पिशवी वेगळी, फ्रिजचे कप्पे वेगळे, चर्चला जायच्या रिक्षाही वेगळ्या. दोघी वेदीपाशी कम्युनियनची भाकर घेऊन आपापल्या बाकावर. बाहेर फादर दोघींनाही 'हॅपी संडे' म्हणायचे.

एका दुपारी आईचा फोन आला. उद्या सायबीण आपल्याकडे, मादीन दारात उभी आहे, तुझंही विचारते. मी म्हटलं, सांग तिला, माझं सगळ्यांशी बरं आहे. मादीनने फोन स्वतःच घेतला.

"ती वसयची चेडू खंय आसा? आधी फोनार माका हाक मारी. आता तिचो आवाज येणा नाय."

मी बांगड्यांचं सांगायला लागले.

"माका सांगू नको गो. तिका सांग."

शीलाच्या खोलीचं दार वाजवायला जेवढं जड गेलं, तेवढी केमिस्ट्रीही कधी गेली नव्हती.

"वास घाणच होता तुझ्या माशांचा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण विचारायला हवं होतं मी."

मी म्हटलं, माझं बोलणं त्याहून घाण होतं. ती हसली नाही. पलंगावरचे कपडे बाजूला सारून तिने मला जागा केली.

दुसऱ्या दिवशी आईने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघी इथून तेर्साला बसलो. नेट सारखं अडकत होतं. अर्धी प्रार्थना त्यांची ऐकू आली, अर्धी आमची आम्हीच म्हटली.

तेव्हापासून शनिवारी आम्ही एकमेकींना विचारतो. कोणाशी वाकडं आहे का, प्रार्थना होते का, की नुसतंच चाललंय. कधी मी उत्तर टाळते. टाळलेलं तिला कळतं. माझी श्रद्धा काही मोठी झालेली नाही, पण पहिल्यासारखी दिखाऊ उरलेली नाही.

गावात राहिले त्यांना मादीनचा जाच होत असेल. होऊ दे. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, ते समुद्राची, माडांची आठवण काढतात. मला ती फार येत नाही. ज्याला माझं दार वाजवून विचारायचा हक्क आहे, ते माणूस म्हणजे माझं घर. गावात तो हक्क अख्ख्या वाडीला होता. इथे एकीला आहे, आणि तिचा आयर्लंडचा व्हिसा आला आहे.