वैनीची सही

थोरला भाऊ गेला तेव्हा मी सातवीत होते. आमच्या किन्हवलीहून तो आखातात वेल्डर म्हणून कामाला निघाला होता. वाटेत एका परदेशी विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथं हत्यारबंद माणसं शिरली आणि बाकांवर बसलेल्या प्रवाशांवर त्यांनी गोळ्या झाडल्या. त्यांचं भांडण कुठल्यातरी सरकारशी होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं.

काही दिवसांनी पेटी आली. ती उघडायची नाही, असं सोबतच्या साहेबानं बजावलं. वैनीच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आत तोच आहे, हे तिनं साहेबाच्या शब्दावर मानलं.

ती माहेरी परत गेली नाही. आईबरोबर भात लावत राहिली, आई गेल्यावर एकटीच. मी शिक्षिका झाले, लग्न होऊन मुरबाडकडे वैशाखऱ्याला आले. आता माझी नोकरीही संपली.

तीन वर्षांपूर्वी त्या हल्ल्याचा खटला लढवणाऱ्या एका वकीलबाईंचा फोन आला. हल्लेखोरांपैकी एकजण दुसऱ्याच देशात सापडला होता. त्याला खटल्यासाठी ताब्यात मागायचं, तर मेलेल्यांच्या घरच्यांचे जबाब हवे होते. मी किन्हवलीला जाऊन वैनीला सांगितलं. ती वाल सोलत होती.

"धरलाय त्याला?"

"धरलाय."

"मंग येते मी."

शहापूरला कोर्टाबाहेर टायपिस्टनं कागद पाहिले. पासपोर्टवरच्या आणि रेशनकार्डावरच्या भावाच्या नावात एका अक्षराचा फरक होता. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल, असं तो म्हणाला.

वैनी माझ्याकडे वळली. "वन्स, पेटी मला उघडून दावली नाय. आन् तो तोच व्हता म्हणून सही मी करायची?"

मग तिनंच पेन मागून घेतलं.

जबाब फोनवर झाला, पडद्यावर वकीलबाईंचा चेहरा. तुमचे पती कसे होते, असं त्यांनी विचारलं.

"भित्रा व्हता," वैनी म्हणाली. "पायात काटा गेला तर सोता काढायचा नाय. माझ्याकडनं काढून घ्यायचा, आन् डोळं मिटून बसायचा."

"आणखी काही?"

"आनखी काय सांगू बाई. वरीसभर पन नाय ऱ्हायला."

चाळीस वर्षं तिची बहीण असल्यासारखी मी शेजारी बसले होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललोच नव्हतो.

मग तारखा पडत गेल्या. गेल्या उन्हाळ्यात वकीलबाईंचा फोन आला. त्या देशाच्या कोर्टानं माणूस द्यायला नकार दिला होता. प्रकरण फार जुनं, पुरावा अपुरा, आरोपी आजारी. त्याला सोडून दिलं होतं.

हे फोनवर सांगवेना. मी एसटीनं किन्हवलीला गेले. वैनीनं पाणी दिलं, ऐकून घेतलं.

"घरी सोडला?"

"हो. म्हातारा झालाय म्हणे."

"म्हातारा झाला," ती म्हणाली, आणि माझ्या हातातलं रिकामं भांडं घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, "बायको हाय का त्याची?"

"असेल. मला ठाऊक नाही."

वकीलबाईंनी नंतर नवा अर्ज पाठवला, वरच्या कोर्टासाठी. काही होईल असं त्यांनाही वाटत नव्हतं. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मी वैनीला विचारलं.

"मी नाय आता," ती म्हणाली. "तुमाला वाटलं तर तुमी करा. मला परत तुमच्या भावाचं नाव सांगाया लावू नका."

मी एकटीनंच सही करून अर्ज पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. मीही फोन केलेला नाही.