होल्डवरचा बावीस नंबर

आमच्या धंद्यात जे विकलं जात नाही त्याला ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात. बिदरला रिंग रोडच्या कडेला आमचं प्लॉटिंगचं ऑफिस आहे. तिथली प्लॉटची इन्व्हेंटरी अण्णा बरोबर कमी करत आणतात, पण किश्श्यांची वाढतच जाते. त्याला गिऱ्हाईकच नाही! मिस्टरांना सांगायला बसले तर ते अर्ध्यात पेंगतात. म्हणून तुमच्या गळ्यात घालतेय.

अण्णा म्हणजे बसवराज अण्णा, आमचे मालक. इरफानभाई जीप चालवतात आणि साइट दाखवतात. मी मार्केटिंगला. म्हणजे जाहिराती लिहायच्या, फोन करायचे, आणि मधेमधे शेजारच्या काकूंना फोन लावून विचारायचं, गौरी जेवली का, पडली का, रडली का. गौरी माझी लेक, चार वर्षांची. मी एम.ए. आहे, इकॉनॉमिक्स. माणूस निर्णय कसा घेतो यावर एक आख्खा पेपर लिहिलाय. लिहिलायच फक्त.

*

नोकरीला लागले तेव्हा मी विचारलं होतं, "अण्णा, प्री-लॉन्च म्हणजे नेमकं काय?"

"काहीच नसताना इकायचं, त्याला प्री-लॉन्च म्हनतेत. सगळं असलं की लोकं इचार करतेत. काही नसलं की भाव बघून घेतेत!"

त्याच रविवारी कमठाण्याच्या रानात, आमच्या साइटवर, पहिली पार्टी आली, हुमनाबादचे एक किराणा दुकानदार. त्यांनी कमरेवर हात ठेवून चारीकडं बघितलं.

"अण्णा, रुंद रोड लिवलाय. कुठाय?"

"तुम्ही उभारलाव त्योच की!"

"ही तर तूर हाय."

"तूर निघाली की रोड निघतोय."

दुकानदारांनी वाकून एक हिरवी शेंग तोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले.

"रोड चवीला बरा हाय," म्हणाले. आणि घेतला की प्लॉट!

*

माझ्या जाहिरातीतला लाडका शब्द ‘अपकमिंग’. अपकमिंग शाळा, अपकमिंग दवाखाना, अपकमिंग बाग. आलं नाही तरी खोटं ठरत नाही. यायलंय, एवढंच!

एकदा ब्रोशर चुकून घरी टेबलावर राहिलं. मिस्टरांनी चहा पिता पिता वाचलं. ते तपासणीच्या लॅबमध्ये आहेत, दिवसभर रिपोर्ट वाचतात, त्यामुळं छापलेल्यावर त्यांचा फार विश्वास.

"ही शाळा बरी दिसायलीय गं. गौरीला हितंच घालू. फॉर्म कधी निघतेत?"

मला हसता येईना. ती शाळा लिहिताना मी मनातल्या मनात गौरीला तिच्या फाटकापाशी सोडून आले होते. वॉटर बॉटलसकट.

*

होल्ड म्हणजे टोकनचे पैसे न देता, नुसत्या शब्दावर प्लॉट अडवून ठेवणं. अण्णा असा होल्ड कुणाला देत नाहीत. मला दिला.

"अक्का, तू बी एक धर. लॉन्चच्याच भावानं देतो. टोकन सवडीनं दे."

मी बावीस नंबर धरला. पूर्वेकडं तोंड, तिथं उभं राहिलं की वारा लागतो. नकाशावर खूण करायला अण्णांना पिन सापडेना, तर त्यांनी माझ्याकडून टिकलीच मागून घेतली आणि बावीसवर चिकटवली. त्या दिवशी मी भाड्याच्या घरात जरा ताठ चालले. एरवी गौरीनं भिंतीवर पेन्सिल टेकवली तरी मी खोडरबर घेऊन धावते. घरमालकीण महिन्यातून एकदा ‘सहज’ येते आणि भिंतींकडं बघत बोलते.

पण टोकन काही दिलं नाही. खातं, म्हणजे जागेची सरकारी नोंद, आपल्या नावावर झालं नाही तर? नोकरी गेली तर? बोअरला पाणी लागलं नाही तर? आणि लागलं, अन् गौरी त्या बोअरमध्ये पडली तर? जी बोअर अजून मारलीच नव्हती, तिच्यातून मी लेकीला किती वेळा बाहेर काढलं असेल!

फोनवर मात्र मी वाघीण. "सर, घर हा विचार करायचा विषय नाही. आज पाय रोवला नाही तर उद्या ह्या भावात उभंही राहता येणार नाही!"

एका सकाळी मी हेच वाक्य घरून फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर दारात मिस्टर, गालाला साबणाचा फेस, हातात रेझर.

"हे मला कामून सांगत न्हाईस?"

"तुम्ही लीड न्हाईत," मी म्हणाले.

*

लीड म्हणजे ज्यानं एकदा तरी चौकशी केली तो. आमच्या अ‍ॅपमध्ये त्याला रंग द्यायचा असतो. घेणारा तांबडा, घोळणारा पिवळा, न घेणारा निळा.

एका म्हाताऱ्याचा फोन दर शुक्रवारी यायचा. "आज काय भाव हाय, माय?" मी सांगायची. ते "बरं" म्हणायचे आणि ठेवायचे. शेवटी एकदा मी नेटानं विचारलं, "आज्जा, प्लॉट घ्यायचाय का तुम्हाला?"

"न्हाई गं. ते रान माझंच व्हतं. लेक दुसऱ्याच्या घरी दिल्यावर आपण इचारत न्हाई का, बरी हाय का म्हनून?"

इरफानभाईंनी माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बघितलं. "मॅडम, इनका रंग कौन सा डालते?"

अण्णा म्हणतात, निळा कर आणि काढून टाक. मी पिवळाच ठेवलाय. फक्त भाव वाढला, की त्या शुक्रवारी फोन इरफानभाईंच्या हातात देते.

*

गिऱ्हाइकात दोन जाती. राहायला घेणारा ‘एंड यूजर’ आणि ठेवायला घेणारा ‘इन्व्हेस्टर’. ओळखायचं कसं? एंड यूजर पाणी विचारतो, इन्व्हेस्टर परतावा विचारतो.

हैदराबादचे एक साहेब आले. ऊन मी म्हणत होतं. गाडीचा एसी चालू, काचा वर.

"उतरा की सर, माती बघा," मी काचेवर टकटक करून म्हणाले.

काच चार बोटं खाली आली. "मिट्टी देख के क्या करना अम्मा? मेरे को रहना थोडी है!"

गाडीतूनच बोट दाखवून त्यांनी एक ओळच्या ओळ घेतली, आणि लगेच अण्णांनी सगळ्यांचा भाव वाढवला. याला म्हणतात ‘अप्रिसिएशन’.

"अक्का, तुझ्या बावीसचं बी झालं की!" अण्णा म्हणाले. "पर तुला जुनाच भाव. शब्द म्हंजे शब्द."

येताना मी जिलेबी घेतली. घरात शिरताच म्हणाले, "अहो, आपला प्लॉट वाढला!"

मिस्टरांनी जिलेबी तोंडात घातली, चावली, गिळली.

"आपला कुठला?" त्यांनी विचारलं.

*

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगितलेला नाही.

अण्णांनी एकदा समोर बसवून घेतलं. "अक्का, रविवारी कोहिनूर गावची पार्टी यायलीय. त्येंना पूर्वेचाच पायजे. पूर्वेचा तुझाच ऱ्हायलाय. ठेवतीस का सोडतीस, काय ते एक सांग. ठेवला तर टोकन दे. मी त्येंना दुसरा दाखिवतो."

घरी सांगितलं. मला वाटलं, मिस्टर नेहमीसारखं "बघू" म्हणतील. ते म्हणाले, "तू ठरव. तू म्हनशील तसं. मी हाय की." आणि चेकवर सही करून दिली. माझ्यासारखीला याहून अवघड काही कुणी देऊ नये.

रविवारी काकू गावाला गेलेल्या, म्हणून गौरीला सोबत घेतलं. इरफानभाईंनी सवयीप्रमाणं सकाळीच चुन्याची फक्की मारून ठेवली होती. मोकळ्या रानात माणसाला काही दिसत नाही. पांढऱ्या रेघा ओढल्या की खोल्या दिसायला लागतात. दाराच्या जागी रेघ तोडायची. त्यांनी नेमकं बावीसवरच घर काढलं होतं. तांबड्या मातीवर ते इतकं छान दिसत होतं, की मी क्षणभर माझी खिडकी शोधली.

पार्टी आली. मुलगा बस कंडक्टर, त्याची बायको, आणि त्याची म्हातारी आई. चेक माझ्या पर्समध्ये होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "हा होल्डवर आहे, पुढचा बघू या." एक वाक्य. फोनवर मी असली शंभर वाक्यं बोलते!

मी तोंड उघडलं. तेवढ्यात म्हातारी रेघेपाशी थांबली, जिथं दार सोडलं होतं तिथं. तिनं पायातल्या चपला काढल्या, कडेला नीट जोडीनं लावल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेली. भर उन्हात, अनवाणी.

"अव्वा, पाय पोळायलेत की! घाल चपला!" मुलगा ओरडला.

"घरात चपला घालतेत का रे?"

ती कोपऱ्यात जाऊन खाली बसली. हातानं माती सारखी करत सुनेला म्हणाली, "चूल हितं. सकाळचं ऊन पाठीवर येतंय बग."

गौरी धावत सुटली आणि रेघ ओलांडून थेट तिच्यापाशी पोचली.

"भित्तीतून कामून आलीस माय? दारातून ये," म्हातारी म्हणाली.

गौरीनं विचार केला. मग आल्या वाटेनं बाहेर आली, वळसा घालून दारापाशी उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. म्हातारीनंही मान वर केली.

"तू बी ये की गं बाई. उन्हात भाईर कामून उभारलीस?"

इरफानभाई माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. "मॅडम," ते हळूच म्हणाले, "अण्णा को क्या बोलूं?"

मी गौरीचे बूट काढले. माझ्या चपला म्हातारीच्या चपलांशेजारी लावल्या, आणि गौरीचं बोट धरून पाहुणीसारखी दारातून आत गेले.