पाहू नका, थांबेल

माझा थोरला भाऊ, दादा, गेल्याची बातमी आम्हाला घरच्या कुत्र्यानं दिली होती. आम्ही ती घेतली नाही. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे अजून येतात, चहा पितात, 'शिस्तीचा माणूस गेला' म्हणतात आणि जातात. कसली डोंबलाची शिस्त! दादाला पाठ फिरवता यायची, बाकी काही नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. पण खोटं तरी किती लिहायचं?

तो गणिताचा मास्तर. वर्गात गलका झाला की छडी उचलायचा नाही, फळ्याकडे तोंड करून उभा राहायचा. पोरं थकून गप्प बसली की पुढचं गणित. याला तो शास्त्र म्हणायचा आणि तेच शास्त्र त्यानं घरात आणलं. वहिनी रामटेकला माहेरी जायचं म्हणाली की हा पेपर वर धरायचा. दुसऱ्यांदा म्हणाली की पान उलटायचा. तिसऱ्यांदा ती म्हणतच नसे, आणि हा जिंकल्यासारखा चहा मागायचा.

बंड्यावर, म्हणजे आमच्या कुत्र्यावर, त्याचा विशेष राग. तसा बंड्याही काही संत नव्हता, अव्वल नंबरचा नौटंकी! महालच्या बाजारात एकदा सायकलरिक्षाचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं. महिनाभर दूध-पोळी, लाड, वहिनीच्या मांडीवर डोकं. पाय बरा झाला, पण घरात चार माणसं बसली की गडी लंगडत यायचा, तेही डाव्या पायानं. कुणी पाहिलं नाही तर चप्पल पळवायचा, तरी नाही पाहिलं तर दारात उभा राहून भुंकायचा. मग वहिनी उठून पोळी द्यायची.

"काहून पाह्यता त्याच्याकडे?" दादा एकदा खेकसला. "त्याले पोळी नाही पाह्यजे, तुमचं लक्ष पाह्यजे. कोणी पाहू नका. पहिले जास्त करेल, मंग थांबेल."

तसंच झालं. तीन दिवस बंड्यानं घर डोक्यावर घेतलं, आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलो... चौथ्या दिवशी तो गप्प झाला. पुढं दोन वर्षं भुंकणं नाही, लंगडणं नाही. दादा गल्लीभर सांगत फिरला. एका मुक्या जिवाला हरवून एवढा आनंद! मला त्याची किळस यायची. पण शिकलो मीही तेच.

त्या दुपारी बाहेर ऊन रखरखत होतं. यंदा पहिल्यांदाच घेतलेला कूलर मागच्या खोलीत, म्हणून आम्ही सगळे तिथं. दादाला त्याची घरघर सोसत नसे, तो पुढच्या खोलीत आरामखुर्चीत. एकाएकी बंड्या आमच्या दारात येऊन भुंकू लागला. वहिनीचा पदर ओढला, पुढच्या खोलीकडे पळाला, परत आला. वहिनी अर्धवट उठली.

"भाऊजी, हा काहून इतका करून राहिला?"

दोन वर्षांनी भुंकतोय, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी हसलो. "बसा वहिनी, नाटक करून राहिला. पाहू नका, थांबेल."

वहिनी बसली. आणि खरंच... थोड्या वेळानं तो थांबला.

चार वाजता ती चहा घेऊन गेली तेव्हा दादा खुर्चीतून अर्धा खाली घसरला होता. डॉक्टरांनी 'लवकर का नाही बोलावलं' एवढंच विचारलं.

खुर्ची अजून तिथंच आहे. बंड्या तिच्यासमोर बसून असतो, आमच्याकडे पाठ करून. त्यानं नुसते कान हलवले तरी आता घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून वर पाहतात. काल मी पोळी घेऊन गेलो, नावानं हाक मारली. दोनदा, तीनदा... त्यानं पाहिलं नाही.