आईचा चेहरा जुळेना

४ नोव्हेंबर. आईचा हयातीचा दाखला भरायचा होता. आई निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे कळवलं नाही, तर तिची पेन्शन थांबते आणि तिला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार त्यातूनच जातो. एरवी हे काम मोबाइलवर व्हायचं. चेहरा दाखवायचा, पापण्यांची उघडझाप करायची, झालं.

यंदा उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. डावी पापणी मिटत नाही, ओठ खाली ओढलेला. अॅप सारखं एकच सांगत राहिलं, चेहरा जुळत नाही.

कल्याणहून वहिनी आली होती. तिने आईचा निवृत्तीच्या वेळचा फोटो बघितला.

"ताई, यात केवढं मोठं कुंकू आहे. तसं लावू या, म्हणजे ओळखेल."

"मोबाइलला कुंकू कळतं का गं?"

"लावायला काय जातंय?"

आईने तोंड फिरवलं. बाबा गेल्यापासून ती टिकलीसुद्धा लावत नाही. "नको," एवढं तिला नीट म्हणता आलं.

मी चहा टाकायला आत गेले. तेवढ्यात वहिनीने तोच जुना फोटो एआयला दिला आणि त्याचा व्हिडिओ करून घेतला. बाहेर आले, तर ती आपला मोबाइल माझ्या मोबाइलसमोर धरून बसलेली. त्यात कुंकू लावलेली आई पापण्या मिटत होती, सरळ ओठांनी हसत होती.

माझ्या मोबाइलवर संदेश आला: बनावट चेहरा आढळला, पेन्शन खातं चौकशीसाठी बंद.

मी हेल्पलाइनला फोन लावला. "आजी हयात असल्याचा पुरावा लागेल, मॅडम," तिथली मुलगी म्हणाली.

"समोर बसल्यात. व्हिडिओ कॉल करते."

"व्हिडिओ आता ग्राह्य धरत नाहीत."

वहिनी रडायला लागली. तिला रागावून खातं उघडणार नव्हतं. आई मात्र वहिनीच्या मोबाइलमधल्या त्या कुंकू लावलेल्या बाईकडे बघत होती. बंद कर म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी आईला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. कोपरीहून रिक्षाने तिला नौपाड्यातल्या पेन्शनच्या कार्यालयात नेलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. बाईंना तिच्याजवळ बसवून मी वर गेले आणि तिथल्या साहेबांना म्हटलं, "आई खाली रिक्षात आहे. येऊन बघून घ्या."

"अकरानंतर या," ते म्हणाले.

मी टेबलासमोरच उभी राहिले.